एकाच खुराड्यातल्या कोंबड्या, मग अंडी वेगवेगळी का? आधी अंडं कुणाचं ते शोधा

माझ्याकडे सात कोंबड्या आहेत. सातही जणी एकाच खुराड्यात झोपतात, एकाच भांड्यातलं खातात, एकाच भांड्यातलं पाणी पितात, आणि तरी रोज टोपलीत जी अंडी जमतात ती बघून वाटतं सात वेगळ्या घरांतून गोळा करून आणलीत. एक लांबुडकं, एक लिंबासारखं गोल, एकावर ठिपके, आणि एकाचं कवच इतकं पातळ की उचलताना अंगठा आत जायचा. सुरुवातीला मला वाटलं खाद्यातच काहीतरी कमी पडतंय, म्हणून सगळ्यांच्या खाद्यात कॅल्शियम पावडर मिसळायला लागले, मोजूनमापून नाही, हाताला येईल तेवढी. पंधरा दिवसांनी बघते तर पातळ कवचाचं अंडं होतं तसंच पातळ, आणि जिची अंडी आधी गुळगुळीत यायची तिच्या अंड्यांवर पांढरे खरखरीत दाणे. दुखणं एकीचं, औषध सातजणींना, आणि जिला गरज होती तिच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. का पोचलं नव्हतं ते पुढे सांगते.

तेव्हापासून एकच नियम पाळते. अंड्यात खोट दिसली की आधी अंडं कुणाचं ते शोधायचं, खाद्य-औषध-टॉनिक सगळं नंतर. कारण एकाच कोंबडीचं अंडं बिघडलं असेल तर कारण त्या कोंबडीत शोधायचं असतं (वय, जात, भीती, अंडनलिकेतला दोष, किंवा तिला खायलाच मिळत नाही), आणि सगळ्यांची एकदम बिघडली तर खाद्य, पाणी, ऊन किंवा रोग. हे दोन रस्ते सुरुवातीलाच वेगळे केले नाहीत तर माणूस नुसता गोल फिरत राहतो.

पहिलं काम: अंडं कुणाचं?

दोनतीन कोंबड्या असतील तर नुसतं लक्ष ठेवून कळतं. कोंबडीला एक अंडं तयार करायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यामुळे तिची वेळ रोज थोडी पुढे सरकते, आज सातला घातलं तर उद्या आठ-साडेआठ, परवा त्याहून उशिरा, आणि मग एखाद दिवस खाडा. म्हणून रोज त्याच वेळेला खोक्यापाशी जाऊन बसलात तर काहीच हाती लागणार नाही, मी बसलेय म्हणून सांगते.

पण एक सोय आहे. प्रत्येक कोंबडीच्या अंड्याचा आकार आणि रंगाची छटा बरीचशी ठरलेली असते, जवळजवळ तिची सहीच म्हणा. लांबट घालणारी बहुधा लांबटच घालते, टोकाशी गडद ठिपके टाकणारी ठिपकेच टाकते. महिनाभर रोज पाहिलं की न बघता सांगता येतं हे ठिपकीचं, हे काळीचं.

तरी गोंधळ होत असेल तर खायचा रंग वापरा. रात्री कोंबड्या दांड्यावर बसल्या की शांत असतात, तेव्हा एकीला हळूच उचलायचं, बोटाला थोडा खायचा रंग घ्यायचा आणि जिथून अंडं बाहेर येतं त्या जागेच्या कडेला लावायचा. दुसऱ्या दिवशी तिच्या अंड्यावर त्या रंगाचा फराटा दिसतो. हिरवा, निळा काहीही घ्या पण लाल घेऊ नका, लाल दिसलं की बाकीच्यांना रक्त वाटतं आणि त्या तिथे टोचायला लागतात. मी पहिल्यांदा लालच घेतला होता (घरात तोच होता), तांबडीच्या मागे चौघी लागल्या, शेवटी तिला धुवून पुसून दिवसभर डालग्याखाली ठेवावं लागलं.

तिसरा उपाय म्हणजे संशयित कोंबडीला दोनतीन दिवस वेगळं डालून ठेवणं, दाणापाणी आत देऊन. हे शेवटचा उपाय म्हणून ठेवा, कारण जागा बदलली की कोंबडी बिथरते, एखाद दिवस अंडं धरून ठेवते, आणि मग जे अंडं येतं तेच विचित्र असतं, म्हणजे आपण शोधायला गेलो एक आणि तयार केलं दुसरंच.

एक साधी वही ठेवा. तारीख, कोंबडी, वजन, शेरा. वजनाला घरातला छोटा डिजिटल काटा पुरतो. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे, "ठिपकी, ५८ ग्रॅम, मध्यावर पट्टा, काल संध्याकाळी कुत्रं आलं होतं." ही शेवटची पाच शब्दांची टीपच पुढे उपयोगी पडली.

अंडं कुठे कुठे थांबतं

हे थोडं समजून घेतलं तर खोट बघून ती कुठल्या टप्प्यावर झाली याचा अंदाज येतो, म्हणून कंटाळा न करता वाचा. बलक अंडाशयात वाढतो, त्याची जोरात वाढ शेवटच्या आठवडा-दहा दिवसांत होते. बलक सुटला की नलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पाव-अर्धा तास, मग पांढरं चढायला साधारण ३ तास, मग आतली पातळ कातडी चढायला तासाभराहून थोडं जास्त, आणि मग कवचाच्या पिशवीत तब्बल २० तासांच्या आसपास. म्हणजे वेळेचा मोठा हिस्सा कवचालाच जातो आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं. तपकिरी रंग अगदी शेवटच्या काही तासांत वरून चढतो, आणि बाहेर पडायच्या आधी एक पातळ ओलसर थर येतो जो लगेच वाळतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, हा थर ती झाकतो आणि जंतूंना आत जायला अडवतो.

म्हणजे बलकात रक्ताचा ठिपका असेल तर तो बलक सुटतानाचा, पांढरं पाण्यासारखं असेल तर गडबड त्या ३ तासांतली (किंवा अंडं शिळं), आणि कवच वेडंवाकडं असेल तर त्या २० तासांतली.

बाहेरून बघताना

अंडं हातात घेऊन उजेडात फिरवा, बोट फिरवून बघा, टोकं बघा. रंगावर फार वेळ घालवू नका, पांढरं, तपकिरी, निळं हे जातीवर ठरतं. व्हाइट लेगहॉर्न पांढरंच घालणार, ऱ्होड आयलंड रेड तपकिरीच, ॲरॉकाना निळं. निळा रंग कवचात आरपार असतो, तपकिरी वरून चढवलेला असतो, फोडून आतून बघा, तपकिरी अंडं आतून बरंच फिकं दिसेल. कवचाच्या रंगावरून अंडं जास्त पौष्टिक की कमी हे काही कळत नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगो.

रंग बदलला तर मात्र लक्ष द्यायचं. तपकिरी घालणारी एकटी कोंबडी हळूहळू फिकं घालायला लागली तर बहुतेक वेळा वय किंवा सलग बरेच महिने घालत राहिल्याचा परिणाम असतो. पण चारपाच जणींची अंडी आठवड्याभरात एकदम फिकी पडली तर ती रोगाची चाहूल असू शकते.

कवचावर पांढरे दाणे, जणू वाळू चिकटलीये, हे जादा कॅल्शियममुळे होऊ शकतं (माझ्याकडे पावडर बंद केल्यावर तीनेक आठवड्यांत गेले), पण काही कोंबड्यांची ती सवयच असते, तब्येत ठणठणीत असेल तर सोडून द्या. पांढरी धूळ बसल्यासारखं अंडं म्हणजे ते आत जास्त वेळ थांबलं. एका बाजूने चपटं म्हणजे पहिलं अंडं आत अडकून राहिलं आणि मागून दुसरं येऊन त्याला टेकलं. मध्यावर पट्टा किंवा कडं असल्यासारखं अंडं म्हणजे तयार होत असताना कवच तडकलं आणि कोंबडीने ते आतल्या आत सांधलं. हे तडकणं बहुतेकदा संध्याकाळी किंवा रात्रीच्या सुरुवातीला होतं, कवच अजून कोवळं असतं तेव्हा, कोंबडी घाबरून उडी मारते किंवा दांड्यावर ढकलाढकली होते. ठिपकीचं तेच होतं. कुत्रं रोज तिन्हीसांजेला कुंपणाशी येऊन भुंकायचं, कुंपणाला खालून पत्रा लावला, आठवड्यात अंडी सरळ. खाद्यात एक कणही बदलला नव्हता.

सुरकुत्या पडलेलं अंडं एकाच कोंबडीचं असेल आणि ती बाकी बरी असेल तर तिच्या नलिकेत कधीकाळी बिघाड झालाय असं समजा. लहानपणी संसर्गजन्य ब्राँकायटिस झालेल्या पिल्लांमध्ये हे दिसतं, तो विषाणू नलिकेचं कायमचं नुकसान करू शकतो आणि मग आयुष्यभर अंडी तशीच येतात. त्यावर टॉनिक नाही, पैसे घालवू नका.

गोटीएवढं, बिनबलकाचं अंडं तलंगांच्या (तरुण कोंबड्यांच्या) सुरुवातीला येतं, दोन बलकांचंही येतं, कारण शरीराची घडी अजून बसलेली नसते. काही आठवडे थांबा. पहिली अंडी लहान असतातच, ४० ग्रॅमच्या आसपास, नंतर वाढतात.

टॉर्च लावून

रात्री दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा, अंड्याचा बोथट भाग त्यावर टेकवा. आतून ते नारिंगी उजळतं. बोथट टोकाला एक रिकामी जागा दिसेल, ती हवेची पिशवी. ताज्या अंड्यात ती अगदी लहान असते, दिवस जातील तशी पाणी उडून मोठी होते. केसासारखी बारीक तडा जी दिवसा दिसत नाही ती इथे चमकते. कवचावर फिकट ठिपके-ठिपके दिसतात ते ओलावा कवचात मुरल्याचे असतात, दिसायला आजारी वाटतं पण नुसत्या त्या ठिपक्यांवरून अंडं वाईट ठरत नाही. गडद तपकिरी अंड्यात आतलं नीट दिसत नाही, तिथे फार डोळे फाडू नका.

मग ताटलीत फोडून

वाटीत नाही, सपाट ताटलीत. वाटीत सगळी अंडी सारखीच दिसतात. ताटली टेबलावर ठेवा आणि खाली वाकून डोळे ताटलीच्या पातळीला आणून कडेने बघा. चांगल्या ताज्या अंड्याचा बलक घुमटासारखा उभा राहतो, त्याच्याभोवती पांढऱ्याचा जाड कट्टा असतो आणि त्याच्या बाहेर थोडंसं पातळ पाणी पसरतं. रेमंड हॉ नावाच्या माणसाने १९३७ साली या जाड पांढऱ्याच्या उंचीवरूनच मोजमाप बसवलं, अंड्याचं वजन आणि ही उंची घेऊन आकडा काढतात, त्याला हॉ युनिट म्हणतात, ७२ च्या वर असेल तर उत्तम समजतात. आपल्याला यंत्राची गरज नाही, डोळे पुरतात, फक्त एक अट पाळा, दोन कोंबड्यांची तुलना करायची तर अंडी एकाच दिवसाची आणि एकाच जागी ठेवलेली पाहिजेत. आजचं काळीचं आणि पाच दिवसांपूर्वीचं म्हातारीचं शेजारी ठेवून म्हातारीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मी एकदा सातही एकाच दिवशीची मिळेपर्यंत थांबले (सगळ्या एकाच दिवशी घालतील असा दिवस यायला दोन आठवडे लागले), आणि सात ताटल्या ओळीने मांडल्या. सहा अंडी उभी होती, थोडीफार कमीजास्त. म्हातारीचं मात्र ताटलीभर पसरलं, त्याच दिवशीचं असूनही, बलक मध्ये न राहता कडेला घरंगळला. ती चार वर्षांची आहे. वय वाढलं की जाड पांढरं कमी होत जातं, अंडं मोठं होत जातं पण कवचाचा माल तेवढाच राहतो, म्हणून तोच माल जास्त जागेवर पसरून कवच पातळ होतं. यात तिची चूक नाही आणि माझीही नाही.

पांढरं पातळ असण्याची बाकी कारणं म्हणजे अंडं उन्हात राहिलेलं असणं, कोंबडीला श्वसनाचा रोग होऊन गेलेला असणं, आणि एक जे फार लोक धरत नाहीत ते म्हणजे खुराड्यात साचलेला अमोनिया. सकाळी दार उघडल्यावर डोळ्यांत झोंबत असेल तर खालचा भुसा बदला, हवा खेळती करा, बाकीचं नंतर बघू.

पांढरं थोडं दुधट, धुरकट दिसलं तर ते खराब नाही, उलट अगदी ताजं आहे, त्यातला कार्बन डायऑक्साइड अजून निघून गेलेला नाही. असं ताजं अंडं उकडलं की सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात तेही त्याच कारणाने. आठवडाभर ठेवून उकडा.

रक्ताचा ठिपका म्हणजे आत पिल्लू धरलं होतं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही, बलक सुटताना बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. तपकिरी घालणाऱ्या जातींत हे जास्त दिसतं आणि काही कोंबड्यांच्या अंड्यांत वरचेवर दिसतं. ठिपका काढून अंडं शिजवून खायला हरकत नाही.

बलकाचा रंग, आणि त्यावरून लागलेला शोध

बलकाचा पिवळेपणा खाण्यातल्या रंगद्रव्यांवरून येतो, म्हणजे हिरवा पाला, पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या. कोंबडी ते स्वतः तयार करत नाही. गडद बलक म्हणजे जास्त ताकदीचा असं सरळ गणित नाही, नुसत्या झेंडूच्या पाकळ्या घालूनही बलक नारिंगी करता येतो. पण एकाच खुराड्यात पाच जणींचा बलक गडद आणि दोघींचा फिका असेल तर ती मोठी खूण आहे, त्या दोघींना पाला मिळत नाहीये, किंवा मिळतोय पण पोटात जंत वगैरे असल्याने अंगी लागत नाहीये.

माझ्याकडे फिका बलक लंगडीचा होता. आणि रंगाच्या युक्तीने पातळ कवचाची अंडी कुणाची निघाली, तर लंगडीचीच. मग अर्धा तास नुसती बसून बघत राहिले. खाद्य टाकलं की काळी आणि तांबडी भांड्याशी, मग बाकीच्या, लंगडी पुढे आली की कोणीतरी डोक्यात टोच मारायची आणि ती मागे सरायची. सगळ्यांचं झाल्यावर तिला मिळायचा तो तळाचा कोंडा आणि इकडेतिकडे सांडलेले दाणे. कोंबड्यांमध्ये ही टोचाटोचीची उतरंड असतेच. मी घातलेलं कॅल्शियम बाकीच्या सहा जणींच्या पोटात जात होतं.

उपाय एकदम साधा. दुसरं भांडं, पहिल्यापासून लांब आणि मध्ये आडोसा, म्हणजे एका भांड्यावरून दुसरं दिसणार नाही. नुसतं लांब ठेवून चालत नाही, वरचढ कोंबडी दोन्हीकडे पहारा देते. दोनतीन आठवड्यांत लंगडीचं कवच हाताला टणक लागायला लागलं, बलकाचा रंगही चढला.

खाद्य, कॅल्शियम, पाणी

एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, म्हणजे लेयर फीडमध्ये, ते ३.५ ते ४.५ टक्के असतं आणि प्रथिनं १६ ते १८ टक्के. मध्यम कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते, म्हणजे पोटात जातं ४ ग्रॅमच्या आसपास आणि त्यातलं निम्मं अंगी लागतं, हिशोब जेमतेम जुळतो. आता यातल्या निम्म्या खाद्याच्या जागी उरलंसुरलं अन्न आणि नुसते दाणे घातले तर हिशोब किती तुटतो ते बघा. वरचं खाणं दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या भागापलीकडे नको, आणि तेही दुपारनंतर, आधी खाद्य पोटात जाऊ द्या.

जादा कॅल्शियम खाद्यात मिसळू नका. वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवं ती खाते. कोंबडीला स्वतःची गरज बऱ्यापैकी कळते, आपल्यापेक्षा नक्कीच जास्त. आणि पावडर नको, शिंपल्यांचे किंवा चुनखडीचे जाडसर तुकडे घ्या, तांदळाच्या कणीपेक्षा मोठे. पावडर पोटातून भराभर पुढे निघून जाते, जाड तुकडे दळणाऱ्या पोटात पडून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात, कवच तयार होण्याची वेळही तीच. रात्री बाहेरून पुरवठा कमी पडला की कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते, रोज रोज तसं झालं तर हाडं ठिसूळ. म्हणून वाटी संध्याकाळी भरलेली असेल असं बघा.

अंड्यांची टरफलंही चालतात, पण धुवून, चांगली तापवून कडक करून आणि चुरून, ओळखू येईल अशी नाही, नाहीतर त्यांना अंडं फोडून खायची चटक लागते आणि ती सोडवणं महाकठीण.

अंड्यावर न आलेल्या तलंगांना आणि पिल्लांना लेयर फीड देऊ नका, त्या कॅल्शियमचा भार त्यांच्या मूत्रपिंडावर येतो. लहानमोठ्या एकत्र असतील तर सगळ्यांना वाढीचं खाद्य आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांची वाटी वेगळी, हे जमतं.

कॅल्शियम भरपूर असून कवच पातळ येत असेल तर ड जीवनसत्त्व बघा, त्याच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबड्यांना ते उन्हातून मिळतं, दिवसभर बंद खुराड्यात असलेल्यांना खाद्यातूनच मिळायला हवं. आणि जुनं, महिनोन्‌महिने पडलेलं खाद्य वापरू नका, जीवनसत्त्वं कमी होत जातात.

पाण्याचं सगळ्यात कमी बोललं जातं. अंड्याचा जवळपास तीनचतुर्थांश भाग पाणीच असतो. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, उन्हाळ्यात बरंच जास्त. एक दिवस भांडं कोरडं राहिलं तर अंड्यांवर परिणाम पुढचे काही दिवस दिसतो. भांडी दोन ठेवा, कारण तेच, लंगडीसारख्या जणी.

उन्हाळ्यात सगळ्यांचंच कवच पातळ झालं तर घाबरू नका, पण हातावर हात ठेवूनही बसू नका. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्ताचा तोल बदलतो आणि कवचाला लागणारा माल कमी पडतो, वर ती खातेही कमी. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी गारव्यात द्या, दुपारी सावली, वारा आणि गार पाणी. दुपारी धान्य घालून बळेच खायला लावू नका.

वास आणि विचित्र रंग

अंड्याला मासळीचा वास येत असेल आणि तो एकाच तपकिरी घालणारीच्या अंड्याला येत असेल तर तिच्यात एक आनुवंशिक उणीव असू शकते, मोहरीची पेंड किंवा फिशमील जास्त झालं की तयार होणारा वासाचा पदार्थ तिच्या शरीरात मोडत नाही आणि बलकात उतरतो. पेंड बंद केली की वास जातो. सरकीची पेंड खाणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत, ती साठवल्यावर, बलक हिरवट-तपकिरी आणि पांढरं गुलाबी होऊ शकतं. पण अंडं फोडलं आणि पांढरं हिरवं किंवा गुलाबी चमकतंय, वर घाण वास, तर ते जंतूंचं काम, सरळ फेकून द्या.

कधी थांबायचं नाही, लगेच डॉक्टर

सगळ्यांची अंडी एकदम घटली, कवचं मऊ किंवा फिकी झाली आणि त्यातल्या काही शिंकतायत, घशात घरघर आहे, मान वाकडी होतेय, तर मानमोडी किंवा ब्राँकायटिससारखा रोग असू शकतो. कोंबड्या वरून ठणठणीत पण मऊ, बिनकवचाची अंडी धडाधड यायला लागली तर एग ड्रॉप सिंड्रोम नावाचा विषाणूचा रोगही असतो, तो पहिल्यांदा १९७६ मध्ये नोंदला गेला. यात घरगुती प्रयोग करत बसू नका, पशुवैद्यकाला दाखवा, मेलेली कोंबडी असेल तर तीही तपासायला न्या. एखादी कोंबडी शेपटी खाली टाकून सरळ उभी राहते, कुंथते, खोक्यात जाऊन येऊन करते आणि अंडं येत नाही, तर ते अडकलंय, तासातासाला महत्त्व असतं. डॉक्टर मिळेपर्यंत कोमट पाण्यात तिचा मागचा भाग बुडवून शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर कोंबडी जाते.

कवचावर बारीक लालसर ठिपके दिसले तर रात्री टॉर्च घेऊन दांड्याच्या फटी बघा, लाल पिसवांसारखे किडे दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात.

औषध चालू असेल तर त्या काळातली आणि त्यानंतर किती दिवसांची अंडी खायची नाहीत हे डॉक्टरला विचाराच, न विचारता सांगितलं जात नाही कधीकधी. मला एकदा सांगितलं नव्हतं, नंतर बाटलीवर वाचलं.

पिसं झडताना अंडी बंद होतात, ते नैसर्गिक आहे, त्या वेळी प्रथिनं चांगली द्या. झड संपल्यावर पहिली अंडी बघा, कवच आधीपेक्षा चांगलं येतं, शरीराला विश्रांती मिळालेली असते.

गोळा केल्यावर

चारपाच कोंबड्यांमागे एक खोका, कोरडा भुसा, आणि दिवसातून दोनदा गोळा करणं, एवढ्याने निम्मी घाण आणि तडे टळतात. अंडी उगाच धुऊ नका, वरचा थर जातो. घाण चिकटली असेल तर कोरड्या कापडाने पुसा, धुवावंच लागलं तर पाणी अंड्यापेक्षा कोमट घ्या, गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि छिद्रांतून बाहेरचे जंतू आत ओढले जातात. धुतलेलं अंडं लगेच फ्रिजमध्ये, आणि आधी वापरायचं. ठेवताना बोथट टोक वर.

पाण्यात तरंगवून बघायची चाचणी वयाची आहे, खराब आहे की नाही याची नाही. तळाशी आडवं म्हणजे ताजं, उभं राहिलं म्हणजे जुनं, वर तरंगलं म्हणजे फारच जुनं. वेगळ्या वाटीत फोडून वास घेणं हीच शेवटची परीक्षा. तडा गेलेलं अंडं त्याच दिवशी पूर्ण शिजवून खा, आतली कातडी फाटली असेल तर नको.

पिल्लं काढायला अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवताना वही उघडा आणि कुणाची ठेवायची ते बघा, कवचाचा टणकपणा बराचसा आईकडून-बापाकडून येतो. सुरकुतलेली, फार मोठी, दोन बलकांची वाटणारी, तडकलेली बाजूला काढा. मी काळी आणि ठिपकीचीच ठेवते.

म्हातारीच्या अंड्यावर पेन्सिलीने एक रेघ मारते आणि ते दोनतीन दिवसांत संपवते, कारण ते टिकत नाही. आम्लेटला त्याचं काहीच बिघडत नाही.